नानीचं खुराडं आणि न झालेला सामना

बेसिल जयकरनला फक्त एक बाक बसवायचा होता. घराच्या छपरावर, दोन माणसं बसतील एवढा, साधा लाकडी बाक. हे वाक्य तो पुढे आयुष्यभर म्हणत राहिला आणि ऐकणारा प्रत्येक जण मान डोलावून म्हणायचा, "हो ना, बाकच." त्या "हो ना"मध्ये जे काही असायचं ते शांतपणे सोसायला सरकारी नोकरीची बावीस वर्षं गाठीशी लागतात. बेसिलकडे ती होती.

जमीन मोजणी खात्यात तो वरिष्ठ कारकून होता. देशातल्या प्रत्येक जमिनीचा नकाशा कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेला होता; खिळा मात्र एकही गेला नव्हता. घरात तसबीर टांगायची झाली तर त्याची बायको द्रुपती टांगायची आणि बेसिल खाली उभा राहून "डावीकडे, किंचित डावीकडे" म्हणायचा. असा माणूस एका रविवारी जेवताना म्हणाला, "मी छपरावर बाक बसवणार आहे," तेव्हा द्रुपतीने वाढता वाढता डाव तसाच हवेत धरला.

कारण होतं नानी.

नानी म्हणजे द्रुपतीची आई, सुखिया. पण सुखिया हे नाव फक्त रेशनच्या कार्डावर. सगळी गल्ली तिला नानीच म्हणायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, चार फूट आठ इंच उंचीची, डोक्याला कायम पांढरा रुमाल. जॉर्जटाउनमधलं त्यांचं लाकडी घर उंच खांबांवर उभं होतं आणि समोर, एक रस्ता आणि एक पाण्याचा चर ओलांडला की बुर्डाचं क्रिकेटचं मैदान. मैदानाभोवती पत्र्याचं उंच कुंपण. नानी त्या कुंपणाकडे तोंड करून चाळीस वर्षं राहिली होती. त्यातली तीस वर्षं तिने फाटकाबाहेर गरम फुलौरी, म्हणजे डाळीची भजी, आणि मॉबीचं कडसर सरबत विकलं. फाटकाबाहेर. सामना चालू असताना धंदा, सामना संपला की भांडी. मग गुडघे गेले आणि ती खिडकीत बसली.

पण कान! बेसिलचं लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली होती तरी त्याला त्या कानांचं नवल वाटायचं थांबलं नव्हतं. सामना असला की रेडिओ लावलेला असायचा, पण मैदानातला गलका खिडकीतून आधी यायचा आणि समालोचक बिचारा मागून. "गेला," नानी म्हणायची, "यष्ट्यांमागे झेल." आणि मग रेडिओ सांगायचा, यष्ट्यांमागे झेल. चौकार कुठल्या बाजूला गेला, झेल कोणाच्या हातून सुटला, बाद झालेला आपला की त्यांचा, सगळं तिला लोकांच्या श्वासावरून कळायचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी बेसिलला खरोखरच वाटलं होतं की सासूबाईंना काही सिद्धी आहे. नंतर त्याला कारण कळलं, पण वाटणं काही गेलं नाही.

एक्क्याऐंशी सालच्या जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं की नानीचा एक डोळा गेलाच आहे, आणि दुसऱ्याला आता नळीतून बघावं तेवढंच दिसतं. नळी रोज थोडी अरुंद होणार. पावसाळ्यापर्यंत बंद. "जे बघायचं असेल ते बघून घ्या म्हणावं."

घरी आल्यावर द्रुपतीने विचारलं, "आई, काय बघायचंय तुला? बर्बीसला मावशीकडे जायचं का? देवळात नेऊ?"

नानीने खिडकीबाहेर, कुंपणाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "एक चेंडू."

"काय?"

"टाकलेला चेंडू. बुर्डावर. एकच पुरे."

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी इंग्लंडच्या संघाशी कसोटी सुरू होणार होती. स्टँडात नेतो म्हटलं तर नानी म्हणाली, "गर्दीत समोरच्याची पाठ दिसते. पाठी मी तीस वर्षं फाटकाबाहेर बघितल्या." तेव्हा बेसिलला छप्पर सुचलं, आणि बाक.

शेजारच्या मिस इस्मे अडोनिस निवृत्त परिचारिका होत्या. अर्ध्या जॉर्जटाउनला त्यांनी जन्माला येताना पहिली चापट मारलेली, आणि उरलेल्या आयुष्यातही ती मारायचा आपला हक्क आहे असं त्यांना वाटायचं. त्या आपल्या खिडकीतूनच म्हणाल्या, "मिस्टर जयकरन, तुमचं छप्पर उतरतं आहे. बाक घसरेल."

"बाकाचे पुढचे पाय लांब करू, मिस इस्मे."

"आणि म्हातारीचे?"

म्हणून बाकाखाली फळ्यांची जमीन आली. जमीन आली म्हणून कठडा आला. कठडा आल्यावर ऊन लागेल म्हणून वर पत्रा आला. सुतार होता टायनी. नाव टायनी, म्हणजे चिमुकला, आणि माणूस दारातून आडवा होऊन आत यायचा. प्रत्येक नव्या सूचनेला तो तोंडातले खिळे न काढता "होईल, चीफ" म्हणायचा. आठवड्याभरात बाकाचं एक खोलीवजा काहीतरी झालं, आणि मग मिस इस्मेंनी सगळ्यात साधा प्रश्न विचारला, "नानी वर जाणार कशी?"

हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. बेसिल त्या दिवशी जेवला नाही. टायनीने भाताच्या गिरणीतून पोती चढवायची एक कप्पी आणली, तिला दोर लावला आणि दोराला खुर्ची.

इथवर सगळं खासगी होतं. पण बेसिल कायदा पाळणारा माणूस; त्याने परवानगी काढायचं ठरवलं. पुढचं सगळं त्याच्या या एका सद्गुणामुळे झालं.

परवानगीच्या ऑफिसातल्या बाईंनी अर्ज पाहिला. सरकारी ऑफिसांत तेव्हा सगळेच एकमेकांचे कॉम्रेड. "कॉम्रेड, हे काय आहे? राहायचं घर?"

"नाही, बाक."

"दुकान? गोदाम? प्रार्थनास्थळ?"

बेसिल क्षणभर घुटमळला. नानीच्या दृष्टीने तिसरं अगदीच खोटं नव्हतं. पण तो म्हणाला, "नाही हो, बाकच."

"बाकाला रकाना नाही." बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. त्या मनाने चांगल्या होत्या, आणि बोट शेवटी एका ठिकाणी थांबलं. "कोंबड्यांच्या खुराड्याला एका दिवसात परवानगी मिळते. अन्न पिकवा मोहिमेखाली."

असं ते खुराडं झालं. परवान्यावर शिक्का होता, सही होती, आणि खाली बारीक अक्षरात, "मनुष्यवस्तीस सक्त मनाई."

निरीक्षक तपासणीला आले ते नेमके बेसिल खुर्ची चालवून बघत होता तेव्हा. नानीला बसवण्याआधी आपण बसावं, हा जावयाचा धर्म, असं त्याने उच्चरवाने जाहीर केलं होतं. कप्पी अर्ध्या वाटेवर अडकली. बेसिल कामाच्या कपड्यांत, टायसकट, रस्त्यापासून पंधरा फुटांवर, हळूहळू गोल फिरत लटकत होता. चराच्या कडेला तोवर वीसएक माणसं जमली होती आणि त्यांतल्या एकाने शेंगदाणेही घेतले होते.

"अर्जदार कोण?" निरीक्षकांनी खालून विचारलं.

"मी," बेसिल वरून म्हणाला. तेव्हा त्याची पाठ त्यांच्याकडे होती.

"कॉम्रेड, खाली या."

"येता येत नाही."

"मग वर जा."

"तेही होत नाही."

निरीक्षकांनी वहीत लिहिलं, "अर्जदार जागेवर उपस्थित." मग विचारलं, "कोंबड्या कुठे आहेत?"

"माझ्याकडे राहायला आल्या आहेत," मिस इस्मे खिडकीतून म्हणाल्या. "बांधकामाच्या आवाजाने घाबरतात बिचाऱ्या." आणि आपल्या सहा कोंबड्या टोपलीत घालून त्या स्वतः घेऊन आल्या. टायनीने कप्पीला लाथ घातली, बेसिल झपकन वर गेला, त्याच खुर्चीतून मागोमाग कोंबड्या गेल्या, आणि निरीक्षकांनी समाधानाने सही केली. जाताना मात्र ते थबकले. छपराकडे, मग पत्र्याच्या कुंपणापलीकडे बघितलं. आवाज खाली आणून म्हणाले, "मनुष्यवस्तीस मनाई आहे, हे खरं. पण निरीक्षकाला शनिवारी पुन्हा तपासणी करावी लागू शकते. सपत्नीक."

अशा रीतीने दोन जणांच्या बाकावर गुरुवारपर्यंत चौदा माणसं आणि सहा कोंबड्या ठरल्या.

आणि मग एका गोलंदाजाची भानगड सुरू झाली.

इंग्लंडचा एक गोलंदाज दुखापतीने परत गेला होता आणि बदली दुसरा आला होता. हा दुसरा कित्येक हिवाळे दक्षिण आफ्रिकेत जाऊन खेळत आणि शिकवत असे. तिथे, जिथे गोऱ्यांची मैदानं वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी. सरकारने सांगितलं, या माणसाला आमच्या देशात थांबता येणार नाही. इंग्लंडच्या संघाने सांगितलं, तो नाही तर आम्ही कोणीच नाही.

बेसिलच्या घराखाली, खांबांमधल्या सावलीत, सगळी गल्ली जमली. "बरोबर केलं," मिस इस्मे म्हणाल्या. "माणसांना जनावरासारखं वागवणाऱ्यांशी खेळायचं, आणि वर आमच्याकडे येऊन चहा प्यायचा?"

"मी तीन आठवडे खिळे मारले, मिस इस्मे," टायनी म्हणाला. या वेळी त्याने तोंडातले खिळे काढले होते, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखावं.

मिस इस्मेंचा भाऊ कथबर्ट पायरीवर बसून होता. तो बुर्डाचा माळी. तीन महिने तो त्या बावीस यार्डांना पाणी पाजत आणि रोलर फिरवत होता, पोटच्या पोराला कोणी न्हाऊमाखू घालणार नाही अशा मायेने. तो हातातली टोपी तेवढी फिरवत राहिला.

बेसिल वर गेला आणि टेबलाशी बसून मंत्र्यांना पत्र लिहू लागला. पत्र फार मुत्सद्दी होतं. बहिष्काराच्या तत्त्वाला त्याचा पूर्ण पाठिंबा होता. फक्त, सदर गोलंदाजाला पाच दिवस दाढदुखी झाली, तो हॉटेलातच पडून राहिला, तर कोणाचंच तत्त्व मोडणार नाही आणि एका वृद्ध नागरिकाची इच्छा पुरी होईल, असं त्यात सुचवलं होतं.

"काय लिहितोयस, बेसिल बेटा?" खिडकीतून नानीने विचारलं. टाकाचा आवाजही तिला ऐकू यायचा.

त्याने वाचून दाखवलं. आपला मसुदा चांगला उतरला आहे असं त्याला वाटत होतं. नानीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "डर्बनचं पत्र माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. ट्रंकेत तळाशी होतं. पण त्यामागची गोष्ट नानीने त्याला कधी सांगितली नव्हती.

"माझा बाप आणि त्याचा थोरला भाऊ, कलकत्त्याला ऊसमळ्यांसाठी मजूर पाठवायच्या डेपोत एका रांगेत उभे होते. दोघांनाही वाटत होतं, जहाज एकच. एका कारकुनाने रांग मधोमध तोडली. पुढचे दक्षिण आफ्रिकेला, डर्बनच्या जहाजात, मागचे इकडे, डेमेराराच्या. काका पुढे होता, बाप त्याच्या पाठीला लागून. एका माणसाचं अंतर, बस. पुन्हा भेट नाही."

बेसिलने टाक खाली ठेवला. कारकून हा शब्द त्याला जरा लागला होता.

"काकाच्या पोराने पत्र लिहिलं होतं. आम्हालाही क्रिकेटचं वेड आहे, म्हणतो. मैदानात आम्हाला कोपऱ्यात तारेच्या जाळीमागे बसवतात, आणि आम्ही पाहुण्यांच्या बाजूने ओरडतो, कारण घरच्या संघात आमच्यातल्या कोणाला घेत नाहीत." नानीने रुमाल सारखा केला. "मी पत्र्यामागे, ते जाळीमागे. पण माझ्या पत्र्याला फाटक होतं रे. आत जाऊ नको असं मला कोणी म्हटलं नव्हतं. तो माणूस तिथे खेळायला जायचा तेव्हा माझी माणसं जाळीमागे असतील. त्याच्या नावाने दाढदुखी लावून मी इथे चेंडू बघू?"

"पण माई, तुमचे डोळे..."

"डोळे माझेच आहेत ना? मग त्यांचं मी बघेन."

बेसिलने पत्र फाडायला घेतलं. "फाडू नको," नानी म्हणाली, "मागची बाजू कोरी आहे. द्रुपती सामानाची यादी लिहील."

ही चार फूट आठ इंचांची बाई, जिला तो एकोणीस वर्षं जिना उतरताना हात देत आला होता, त्याला त्या दुपारी घराच्या खांबांहून उंच वाटली. त्याने टाक पुसून ठेवला.

शुक्रवारी संघ गेला. विमानाचा आवाज ऐकून नानी म्हणाली, "गेले," आणि मग रेडिओने सांगितलं की गेले.

शनिवारी सकाळी बेसिल खुराडं उतरवायच्या विचारात होता, तेव्हा नानी आतून आली ती ठेवणीतली साडी नेसून. "साडेदहाला सुरू होतो ना सामना? मग बसवा मला खुर्चीत."

"माई, सामना नाहीये."

"खुराडं तर आहे?"

टायनीला बोलावलं. कप्पी या वेळी अडकली नाही. नानीचं वजन ते काय! दोरावर टायनी, मागे बेसिल, वर धरायला द्रुपती. नानी कठड्याला धरून उभी राहिली आणि तिच्या तोंडून आवाज निघाला तो बेसिलने कधी ऐकला नव्हता. तो धावत शिडीने वर गेला.

नानी मैदानाकडे बघतच नव्हती. ती उत्तरेकडे बघत होती, घरांच्या छपरांवरून, समुद्र अडवणाऱ्या भिंतीच्या पलीकडे. भरती होती. तपकिरी समुद्र आभाळापर्यंत चढला होता आणि सगळं जॉर्जटाउन, त्याचे चर, झाडं, पांढरी लाकडी घरं, त्याच्या खाली बशीत ठेवल्यासारखं होतं.

"बेसिल," नानी म्हणाली, "पाणी आपल्यापेक्षा वर आहे."

बेसिलने हे हजारदा नकाशावर वाचलं होतं. भरतीच्या वेळी समुद्र शहराहून उंच असतो. आकडे त्याला पाठ होते. पण त्याने ते कधी पाहिलं नव्हतं. तो टोपी काढून उभा राहिला. याच पाण्यावरून एक भाऊ इकडे आला होता. कोंबड्यासुद्धा गप्प होत्या.

मग नानी वळली, आणि खाली मैदान होतं. इतकं हिरवं, की तिने डोळ्यासमोर हात धरला. मधोमध ती फिकट पट्टी, दोन्ही टोकांना यष्ट्या. त्या कथबर्टने सकाळी ठोकल्या होत्या. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तीन महिने ज्या दिवसासाठी राबला तो दिवस उजाडला होता, म्हणून ठोकल्या. आता तो एकटाच पट्टीजवळ उभा होता. आणि आजूबाजूला पाहिलं तर छपराछपरावर माणसं होती. मैदानालगतच्या झाडांच्या फांद्यांवर, दर सामन्याला बसत तशी, डबे घेऊन बसलेली. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. निरीक्षकही आले होते, सपत्नीक.

"केवढं शांत," नानी म्हणाली. "मी कधीच नाही ऐकलं हे."

मिस इस्मेंनी हे ऐकलं. त्या कठड्यावरून ओणवल्या आणि ज्या आवाजाने पूर्वी वॉर्ड हलायचे त्या आवाजात ओरडल्या, "कथबर्ट! नानी वर आली आहे! एक टाक!"

कथबर्टने टोपी कपाळावर सरकवली. तो एके काळी पोलिसांच्या संघातून टाकायचा. त्याने हात पसरून विचारलं, कोणाला टाकू?

छपरावरच्या तेरा माणसांनी बेसिलकडे बघितलं.

बेसिलने शाळा सुटल्यापासून बॅट धरली नव्हती, आणि शाळेतही ती तो दुसऱ्यांसाठी धरायचा. पण तो शिडी उतरला, रस्ता ओलांडला, फाटकातून आत गेला. बूट काढायला लावले. माझ्या पट्टीवर टाचा नकोत, कथबर्ट म्हणाला. मग अनवाणी, टाय खांद्यावर टाकून, कुठूनतरी आलेली बॅट घेऊन वरिष्ठ कारकून बेसिल जयकरन बुर्डाच्या मधोमध उभा राहिला. चारी बाजूंनी जग त्याच्याकडे बघत होतं आणि कोणी श्वास घेत नव्हतं. पायाखालची जमीन थंड आणि टणक होती. असल्या जागी माणसं रोज उभी राहतात आणि घरी जाऊन जेवतातही, याचं त्याला कमालीचं आश्चर्य वाटलं.

कथबर्ट धावत आला. साठीच्या माणसाने इतकं सुंदर धावू नये. बेसिलने डावा पाय पुढे टाकला, डोळे मिटले, आणि मागे खट् असा आवाज झाला.

त्याने वळून यष्ट्या पाहिल्याच नाहीत. त्याने छपराकडे पाहिलं. तिथे एक इवलीशी पांढरी आकृती दोन्ही हात वर करून उभी होती, कशालाही न धरता. हात आधी दिसले. आवाज मागून आला, घटकाभराने आल्यासारखा: "गेला!" आणि मग झाडांवरून, छपरांवरून असा गलका उठला की कुंपणाचे पत्रे थरथरले.

तो बॅट काखेत धरून, मान खाली घालून, फलंदाज चालतात तसा एकटाच परत आला. कोणी शिकवलं नव्हतं.

नानीला खाली उतरवलं तेव्हा तिचे गाल ओले होते. "आधी दिसलं," ती द्रुपतीला सांगत होती, "आणि मग ऐकू आलं. आधी यष्टी पडली, मग खट्. मी जन्मभर उलटं समजत होते." मग तिने बेसिलचा हात शोधला. "डर्बनला पत्र लिही. लिही की बुर्डावर सामना झाला नाही. का झाला नाही, तेही लिही. आणि लिही की मी बघितला."

बेसिलने विचारलं, "आणि बाद कोण झालं, ते लिहू?"

"ते नको," नानी म्हणाली. "ती घरातली गोष्ट आहे."